यादी कोणाच्या हाती? : मुक्तस्रोत संगणकप्रणाली आणि आपली वाचनालये



साहित्यसंस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत संगणकप्रणालीवर व्याख्यान आहे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. कविता, नाटक, संतवाङ्मय असे विषय सोडून हे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचे साहित्यजीवन ज्या जागेवर उभे राहिले ती जागा म्हणजे वाचनालय. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा, कुठेही पाहा. देऊळ, गणेशोत्सव आणि वाचनालय या तीन खांबांवर आपली वस्ती टिकली. त्यांपैकी तिसऱ्या खांबाचा हिशेब आता संगणकात चालला आहे. तो हिशेब उद्या आपल्याला वाचता येईल की नाही, हा प्रश्न मला साहित्याचाच प्रश्न वाटतो.

वाचनालयाची मालमत्ता कोणती, असे विचारले तर आपण पुस्तके, कपाटे आणि इमारत अशी उत्तरे देतो. मी त्यांत चौथी वस्तू घालीन, ती म्हणजे यादी. दाखल नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक असतो, आल्याची तारीख असते, किंमत असते आणि बहुधा देणगीदाराचे नावही असते. कोणाच्या आजोबांनी निवृत्त होताना आपला संग्रह दिला, कोणत्या वर्षी पैशांअभावी एकही पुस्तक आले नाही, कोणत्या काळात नाटकांच्या जागी कादंबऱ्या वाढल्या, हे सगळे त्या वहीत असते. आपल्या घराण्यांच्या स्थलांतराचा इतिहास फार थोड्यांनी लिहिला आहे. पण तो या नोंदवह्यांतून नकळत लिहिला गेला आहे.

या वहीचा एक गुण आपल्या लक्षात येत नाही, कारण तो आपण गृहीत धरतो. शंभर वर्षांपूर्वीची वही आजही उघडता येते. शाई फिकी झाली असेल, कोपरे कसरीने खाल्ले असतील, पण ती उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. तालिकापत्रांचेही तसेच. ज्या सुताराने पत्रांचा खणांचा कपाट-संच केला तो गावातून निघून गेला म्हणून खण उघडेनासे झाले, असे कधी घडले नाही. संगणकप्रणाली मात्र असे करू शकते. आपण आपल्या हाताने टंकलेली यादी आपल्यालाच दाखवण्यास नकार देणारे साधन ग्रंथालयांच्या इतिहासात प्रथमच आले आहे.

माझ्या ओळखीच्या एका संस्थेची गोष्ट सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे प्रकार अनेक ठिकाणी घडले आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी संस्थेने उत्साहाने सॉफ्टवेअर विकत घेतले. दोन मुलींनी सहा महिने बसून हजारो पुस्तकांची नोंद केली. पुढे ते सॉफ्टवेअर विकणाऱ्याने धंदा बदलला. जुना संगणक बंद पडला आणि नव्यावर ते सॉफ्टवेअर चालेना. मोठ्या खटपटीने नोंदींची फाइल बाहेर काढली, तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. मराठी त्या काळच्या एका विशिष्ट फाँटमध्ये टंकलेले होते. फाँट नाही म्हणजे मराठीही नाही. शेवटी कामाला आली ती हस्तलिखित नोंदवही. ती कोणी रद्दीत घातली नव्हती म्हणून.

यावर उपाय म्हणून ज्या प्रकारच्या प्रणालीचा विचार जगभरची ग्रंथालये करीत आहेत, तिला मुक्तस्रोत म्हणतात. प्रणाली ज्या मूळ संहितेत लिहिलेली असते ती संहिता येथे सर्वांना खुली असते. ती कोणत्याही कामासाठी वापरता येते, तपासता येते, गरजेप्रमाणे बदलता येते आणि बदललेली दुसऱ्यालाही देता येते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली आणि हे हक्क ज्या परवान्यात बांधले त्याला जीपीएल म्हणतात. या परवान्यातली मेख अशी : मी तुम्हाला दिलेली प्रणाली तुम्ही सुधारून पुढे कोणाला दिलीत, तर मूळ संहितेसह आणि याच अटींवर द्यायची. वाटेत कोणी कुलूप लावायचे नाही.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत आपण गल्लत करू नये. मोफत प्रणालीला पैसे पडत नाहीत, पण तिची संहिता बंद असू शकते. देणाऱ्याचा विचार बदलला की घेणाऱ्याचा इलाज चालत नाही. मुक्त प्रणाली बसवून देण्याचे, शिकवण्याचे आणि निगा राखण्याचे पैसे कोणी घेतले तर त्यात गैर काही नाही. आज ज्याला आपण पैसे देतो त्याचे काम आवडले नाही, तर उद्या तीच प्रणाली आणि तीच यादी घेऊन दुसऱ्याकडे जाता येते. पाणपोईवर पाणी फुकट मिळते हे खरेच. पण विहीर गावाच्या मालकीची असणे ही वेगळी गोष्ट आहे.

या विहिरीची गोष्ट सुरू होते ती न्यूझीलंडमध्ये. तेथील उत्तर बेटावर होरोव्हेनुआ नावाचा भाग आहे आणि लेव्हिन हे त्यातले मुख्य गाव. मोठे शहर नव्हे. तेथल्या ग्रंथालय न्यासाची संगणकप्रणाली बारा वर्षांची जुनी झाली होती आणि १९९९ संपताच, साल दोन आकडी लिहिण्याच्या त्या प्रसिद्ध घोटाळ्यामुळे, ती कोलमडणार हे दिसत होते. बाजारात मिळणाऱ्या प्रणाली त्यांच्या ऐपतीबाहेरच्या तरी होत्या किंवा गरजेहून अवजड तरी. तेव्हा न्यासाने वेलिंग्टनच्या कॅटिपो कम्युनिकेशन्स या लहान कंपनीला नवी प्रणाली लिहायला सांगितली. ३ जानेवारी २००० रोजी ती प्रणाली प्रत्यक्ष कामाला लागली.

इथपर्यंत ही एका ग्रंथालयाच्या सोयीची गोष्ट आहे. पुढचे पाऊल महत्त्वाचे. न्यासाने आणि कंपनीने ती प्रणाली स्वतःपुरती ठेवली नाही. जीपीएल परवान्याखाली जगाला देऊन टाकली. यामागे व्यवहारही होता. एकट्या लेव्हिनने ती जन्मभर सांभाळायची म्हटले असते तर काही वर्षांनी पुन्हा तीच पाळी आली असती. दहा जणांनी वापरली तर दहा जण सांभाळतील. प्रणालीला नाव दिले ‘कोहा’. हा माओरी भाषेतला शब्द. पाहुणे यजमानाकडे जाताना जी भेट नेतात ती कोहा, आणि त्या भेटीत परतफेडीची अपेक्षा गृहीत असते. आपल्याकडे शेजारून काही आलेली वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. कोहाचा अर्थ समजायला मराठी माणसाला एवढे पुरे.

ही वाटी तेव्हापासून भरतच आली आहे. कोणी देवघेवीचा भाग सुधारला, कोणी नियतकालिकांची नोंद, कोणी दुसऱ्या भाषेतला पडदा. आज जगभर हजारो ग्रंथालये कोहा वापरतात. भारतात केरळमधील अनेक विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी तो स्वीकारला. आणि हैदराबादच्या मंडळींना हे सांगायला हवे की त्यांच्याच शहरात तयार झालेली ‘न्यूजेनलिब’ ही ग्रंथालयप्रणाली आधी विक्रीची होती, ती २००८ मध्ये मुक्तस्रोत करण्यात आली. म्हणजे हा उद्योग फक्त परदेशी नाही.

मुक्त वस्तूवरही कोणी हक्क सांगू शकतो, हेही याच गोष्टीत दिसले. कोहाची सेवा देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावावरच व्यापारचिन्हाचा दावा लावला. ज्या ग्रंथालयाने नाव ठेवले त्यालाच ते वापरताना विचार करण्याची वेळ आली. लेव्हिनच्या न्यासाने विरोध केला, जगभरच्या ग्रंथपालांनी खर्चाला हातभार लावला आणि काही वर्षांच्या झगड्यानंतर तो दावा नामंजूर झाला. संहिता परवान्याने सुरक्षित होती; नावासाठी मात्र माणसांना उभे राहावे लागले. मुक्तपणा एकदा मिळाला की आपोआप टिकतो, असे समजू नये.

आता आपल्या गावाकडे वळतो. वडोदऱ्यात बोलताना हा विषय मला परका वाटत नाही, कारण येथे शंभर वर्षांपूर्वी असाच प्रश्न सोडवला गेला होता. १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. शिकलेला मुलगा पुढे वाचणार काय, या विचारातून ग्रंथालये आली. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन यांना बोलावले. बॉर्डन यांनी येथील मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, वडोदऱ्यासाठी वर्गीकरणाची पद्धत तयार केली आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. त्यांनी केलेली आणखी एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. १९११ मध्ये त्यांनी स्थानिक लोकांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला.

१९१३ मध्ये बॉर्डन परत गेले. ग्रंथालये थांबली नाहीत, कारण विद्या येथेच राहिली होती. त्यांच्यानंतर काम सांभाळणाऱ्या जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ मध्ये वडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९१२ मध्ये सुरू झालेल्या येथल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीही होती. बाहेरून तज्ज्ञ आणावा, पण तो गेल्यावर आपण आंधळे होऊ नये, ही दृष्टी त्या काळच्या राज्यकारभाराला होती. आज सॉफ्टवेअर घेताना आपल्या कार्यकारिणीला ती असते का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

खेड्यातील वाचनालयांना अनुदान देण्याची येथली रीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गावकऱ्यांनी जेवढी वर्गणी जमवायची तेवढीच भर स्थानिक पंचायतीने आणि तेवढीच सरकारने, ठरलेल्या मर्यादेपर्यंत घालायची. सगळा पैसा सरकारने दिला असता तर वाचनालय सरकारी झाले असते. एक हिस्सा गावाचा असल्यामुळे ते गावाचे राहिले. मुक्तस्रोत प्रणालीचे अर्थकारण याच धर्तीचे आहे. प्रणाली जगाकडून येते. निगा, श्रम आणि शिकणे हा आपला हिस्सा. तो घातला नाही, तर ती आपली होत नाही.

हा हिस्सा मराठीच्या बाबतीत काय असेल, ते थोडे तपशिलात सांगतो. कारण येथेच साहित्य आणि तंत्र यांची गाठ पडते.

पहिली गोष्ट वर्णक्रमाची. युनिकोड ही जगातल्या सर्व लिपींसाठीची अक्षरसंकेतपद्धती आली आणि फाँटची खिचडी संपण्याची सोय झाली. पण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही तेथे स्वतंत्र अक्षरे नाहीत, जोडाक्षरे आहेत. त्यामुळे संगणकाने नुसत्या संकेतांच्या क्रमाने यादी लावली तर ‘क्षितिज’ हे ‘क’च्या घरात आणि ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’च्या घरात सापडते. आपल्या आजीने वर्णमालेच्या शेवटी शोधले तर तिला ज्ञानेश्वरी मिळणारच नाही. मराठी क्रमाचे नियम खुल्या मानकांत लिहिलेले आहेत. संहिता खुली असेल तर ते प्रणालीला जोडता येतात; बंद असेल तर विक्रेत्याची मनधरणी करावी लागते, आणि मराठीच्या चार गिऱ्हाइकांसाठी तो का धावेल?

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांनी आपण बरेच अनुस्वार काढून टाकले. हरिभाऊंच्या कादंबरीच्या जुन्या प्रतीवर ‘पण लक्षांत कोण घेतो’ असे छापलेले आहे. आजचा वाचक ‘लक्षात’ असे टंकतो. यादीत अनुस्वार आणि शोधात तो नाही, एवढ्यावरून संगणक “पुस्तक नाही” म्हणून मोकळा होतो. आपल्या वाचनालयांत १९६२ पूर्वीची पुस्तके विपुल आहेत, किंबहुना तीच आपली खरी दौलत. शीर्षक जसे छापले तसे ठेवायचे आणि शोध मात्र दोन्ही रूपांनी लागावा, अशी व्यवस्था हवी. तांत्रिकदृष्ट्या ती अवघड नाही. पण ती मागणारा माणूस मराठी जाणणारा हवा.

तिसरी गोष्ट टोपणनावांची. गडकऱ्यांचा जन्म गुजरातेत नवसारीचा, म्हणून त्यांचेच उदाहरण घेतो. नाटकांवर राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर ही जोड्यांची माळ आपल्याला पाठ आहे, संगणकाला नाही. ग्रंथपालनात यासाठी अधिकृत नामनोंद करतात. एकदा नोंद झाली की वाचकाने कोणत्याही नावाने विचारले तरी सगळी पुस्तके एकत्र दिसतात. हे काम संगणक अभियंत्याचे नव्हे, साहित्यसंस्थेचे आहे. या सभागृहातले दहा जण महिनाभर बसले तर मराठीतली शेकडो नावे नीट लावतील.

चौथी गोष्ट लिपीची, आणि ती जरा दुखरी आहे. आपल्या नातवंडांपैकी कित्येकांना मराठी बोलता येते, पण वाचायची ती गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजी. हिंदी शाळेत जाणारा इंदूरचा मुलगा देवनागरी तरी ओळखतो. इतर ठिकाणी ती वाटही अरुंद आहे. ग्रंथालयांच्या नोंदींसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरॅम यांच्या पुढाकाराने ‘मार्क’ हा नमुना तयार झाला. त्याच्या आजच्या रूपात एकाच पुस्तकाचे शीर्षक दोन लिप्यांत जोडून ठेवण्याची सोय आहे, आणि कोहा याच नमुन्यावर चालतो. बेळगावची मुलगी कन्नड लिपीत आणि वडोदऱ्याचा मुलगा गुजराती लिपीत नाव टंकून मराठी पुस्तकापर्यंत पोहोचू शकेल. पोहोचल्यावर तो वाचायला शिकेलच असे नाही. पण दारच दिसले नाही तर आत येण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता सर्वांत मोठ्या लाभाकडे येतो. ‘बटाट्याची चाळ’ आपल्या प्रत्येक वाचनालयात आहे. वडोदऱ्यात कोणीतरी तिची नोंद टंकली, इंदूरमध्ये कोणीतरी टंकली, ग्वाल्हेर, बेळगाव, मडगाव, हैदराबाद येथेही टंकली. एकाने ‘देशपांडे, पु. ल.’ लिहिले, दुसऱ्याने ‘पु. ल. देशपांडे’, तिसऱ्याने पूर्ण नाव. एकच काम सहा ठिकाणी झाले आणि सहा तऱ्हांनी झाले. ग्रंथालयांच्या संगणकांनी एकमेकांकडून तयार नोंद मागून घेण्याची ‘झेड ३९.५०’ नावाची ठरलेली पद्धत आहे. कोहात ती आहे. एकाने नीट केलेली नोंद बाकीच्यांनी घ्यायची, आपल्या प्रतीचा क्रमांक तेवढा जोडायचा.

यातून पुढे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचनालयांची संयुक्त तालिका उभी राहू शकते. तिचे मोल ‘बटाट्याची चाळ’साठी नाही, ती कुठेही मिळेल. मोल आहे ते दुर्मीळासाठी. वडोदरा राज्याने श्री सयाजी साहित्यमालेत मराठी पुस्तके काढली. होळकर आणि शिंदे यांच्या राज्यांत, निजामाच्या हैदराबादेत, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात मराठी ग्रंथ, मासिके, स्मरणिका छापल्या गेल्या. त्यांची एखादी प्रत कोणत्या कपाटात धूळ खात आहे, हे आज त्या कपाटाच्या किल्लीवाल्यालाच माहीत, आणि कधी कधी त्यालाही नाही. अभ्यासक पुण्या-मुंबईला जातो, तेथे मिळाले नाही की “उपलब्ध नाही” असे लिहितो. पुस्तक मात्र आपल्याकडे असते. यादी जोडली गेली नाही म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून आपला भाग गळतो, ही माझी खरी तक्रार आहे.

एवढे सांगितल्यावर अडचणीही सांगितल्या पाहिजेत. मुक्तस्रोत प्रणालीला परवान्याचे शुल्क नाही, पण तिला खर्च आहे. संगणक लागतो किंवा भाड्याचा सर्व्हर लागतो, वीज लागते, शिकवणी लागते आणि दर महिन्याला कोणाचे तरी काही तास लागतात. अंदाजपत्रकात ‘सॉफ्टवेअर : शून्य’ असे लिहून टाळ्या घेणारी संस्था दोन वर्षांनी अडचणीत येते. वाचलेला पैसा माणसाच्या शिक्षणावर खर्च झाला, तरच तो वाचला असे म्हणावे.

दुसरी अडचण आपल्या संस्थांच्या स्वभावातली आहे. एखादा हुशार तरुण उत्साहाने कोहा बसवून देतो. सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. वर्षभरात त्याला बंगळूरला नोकरी लागते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. विक्रेत्याचे कुलूप जाऊन माणसाचे कुलूप आले, एवढाच फरक. म्हणून किमान दोघांना काम यावे. पासवर्ड बंद पाकिटात चिटणिसांकडे असावा आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे. यादीची प्रत दर महिन्याला इमारतीबाहेर ठेवावी. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न पाहिलेले स्थळ. भरवसा कशाचा धरायचा?

तिसरी गोष्ट प्रमाणाची. सातशे पुस्तके आणि संध्याकाळी दोन तास बसणारे एक निवृत्त गृहस्थ, एवढाच संसार असेल तर कोहाच्या वाटेला जाऊ नये. युनिकोड मराठीत नीट भरलेला साधा तक्ता पुरे. त्यात लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, दाखल क्रमांक हे रकाने शिस्तीने भरले, तर पुढे तो कोणत्याही प्रणालीत नेता येतो. शिस्त आधी, प्रणाली नंतर.

आणखी एका गोष्टीचा उच्चार करतो. देवघेवीची नोंद म्हणजे कोणी काय वाचले याची नोंद. सीमाभागात किंवा कुठेही, माणूस काय वाचतो हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव त्या नोंदीतून पुसण्याची सोय कोहात आहे. ती वापरायची की नाही, हे संस्थेने स्वतः ठरवावे. दूरच्या कोणा कंपनीने ठरवू नये.

मग सुरुवात कुठून करावी? माझ्या मते प्रणाली निवडण्यापासून नव्हे. आज ज्या संगणकात यादी आहे, त्यातून ती पूर्ण बाहेर काढता येते का, हे याच महिन्यात पाहावे. बाहेर आलेली फाइल युनिकोड मराठीत वाचता येते का, तेही पाहावे. येत असेल तर निम्मे काम झाले, घाई नाही. येत नसेल तर जुना संगणक चालू आहे तोवरच रूपांतर करून घ्यावे. तो बंद पडण्याची वाट पाहू नये. नवा करार करायचा असेल, मग तो बंद प्रणालीचा असो वा मुक्त, तर त्यात एक कलम घालावे : संस्थेची संपूर्ण यादी सर्वमान्य नमुन्यात, मागू तेव्हा, विनाअट परत मिळेल. हे कलम मान्य नसलेल्याशी करार करू नये. आणि हस्तलिखित नोंदवह्या, कृपा करून, कोणत्याही परिस्थितीत रद्दीत घालू नयेत.

त्यानंतर दोन-तीन शहरांतील संस्थांनी एकत्र यावे. वडोदऱ्याने इंदूरला विचारावे, इंदूरने ग्वाल्हेरला. एकाने नामनोंदी कराव्यात, दुसऱ्याने जुन्या शीर्षकांची रूपे लावावीत, तिसऱ्याने पडद्यावरील शब्दांचे मराठी करावे. कोहातील शब्दांचे भाषांतर करायला संगणकाची भाषा यावी लागत नाही, आपली भाषा यावी लागते. ‘देवघेव’, ‘दाखल क्रमांक’, ‘अनामत’ हे शब्द आपल्या वाचनालयांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ते आपण दिले नाहीत तर दुसरा कोणी शब्दकोश पाहून काहीतरी बसवील आणि आपण त्याला हसत बसू.

आपल्या पूर्वजांनी परक्या मुलखात वाचनालये काढली तेव्हा त्यांच्याजवळ पैसा थोडा होता आणि पुस्तकेही थोडी. पण यादी त्यांनी स्वच्छ हस्ताक्षरात, दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहिली. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘संस्थेची ग्रंथयादी ही संस्थेची मालमत्ता असून ती खुल्या नमुन्यात जतन करण्यात येईल’ असा एका वाक्याचा ठराव आपण मांडावा, एवढी विनंती करतो. सूचक मिळाला तर अनुमोदन द्यायला मी उभा राहीन.